पत्त्यांची हातचलाखी सुधारायची तर जुनी रूटीन्स शिकावीत की सुट्या मूव्ह्ज घोटाव्यात? माझे हात लहान आहेत, रोज किती वेळ सराव करू?

जुनी रूटीन्स, म्हणजे सुरुवातीपासून शेवटापर्यंत बसवलेली जादू, शिका. जरा चिडूनच लिहितोय, कारण याच प्रश्नापायी माझी दोन वर्षं गेली आहेत.

आम्हा हौशी जादूगारांच्या गटात एक ज्येष्ठ होते. हात सुरेख, मतं त्याहून पक्की. आधी मूव्ह्ज, म्हणजे हाताच्या सुट्या चलाख्या, जादू नंतर. डबल लिफ्ट (दोन पत्ते एकच म्हणून उचलणं), पास (कॅटचे वरचे-खालचे भाग गुपचूप बदलणं), पाम (पत्ता तळहातात लपवणं), एल्म्सली काउंट (चार पत्ते मोजताना एक लपवणं), सगळं आरशासमोर घोटायचं आणि हात 'स्वच्छ' होईपर्यंत कुणाला काही दाखवायचं नाही. एकदा मी विचारलं, एखादं पूर्ण रूटीन बसवू का? सगळ्यांसमोर म्हणाले, "पाढे येत नाहीत आणि गणितं सोडवायला निघालाय." सगळे हसले. मीही हसलो, आणि घरी येऊन पास घोटत बसलो.

दोन वर्षांनी आरशात माझा पास दिसेनासा झाला. डबल लिफ्टही. मग एका संध्याकाळी थोरल्या बहिणीला समोर बसवून दोनतीन गोष्टी दाखवल्या. तिला यातलं ओ की ठो कळत नाही. ती म्हणाली, "कसं केलंस ते नाही कळलं, पण कधी केलंस ते कळलं. तू डोळे मिटतोस."

काहीतरीच, म्हटलं. फोन उभा केला आणि डबल लिफ्ट पाच वेळा करून पाहिली. पाचही वेळा ऐन क्षणी पापणी खाली! आपली चोरी आपल्यालाच बघवत नाही म्हणून डोळे आपोआप मिटतात, आणि मिटल्या डोळ्यांना आरशातला हात स्वच्छच दिसणार. आरशासमोर शिकणाऱ्या पुष्कळांना ही खोड लागते, हे मला नंतर कळलं. त्याच चित्रफितीत दुसरी फजितीही होती. माझा एल्म्सली काउंट भन्नाट वेगात चालला होता. पण चार पत्ते मोजायला कुणाला एवढी घाई असते? काहीही न लपवता चार पत्ते मोजताना माझा हात कसा चालतो, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

त्यानंतर मी ॲम्बिशस कार्ड बसवायला घेतलं. निवडलेला पत्ता मध्ये घालायचा, तो वर येतो. पुन्हा घालायचा, पुन्हा वर. पत्त्यांचा जादूगार डाय व्हर्नन याने १९२२ मध्ये शिकागोत नामवंत जादूगार हुदिनीला चकवलं ते याच जादूवर. सरावासाठी याच्याइतकं निर्दयी रूटीन नाही, कारण बघणाऱ्याला दुसऱ्या खेपेपासून ठाऊक असतं की पत्ता वर येणार, आणि तो नेमका तिथेच डोळे रोवून बसतो. तेवढ्यात करंगळीने पत्त्यांत बारीक फट, म्हणजे ब्रेक, धरायचा, बोलायचं, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. सुट्या सरावात यातलं एकही ओझं हातावर नसतं. माझी पापणी तिथेच सुटली, महिन्याभरात.

पुढचं, व्हर्ननचंच ट्विस्टिंग द एसेस. चार एक्के एकामागून एक आपोआप सुलटे होतात. यात अ‍ॅलेक्स एल्म्सलीचा काउंट इतक्यांदा येतो की घाई केलीत तर तिसऱ्या मोजणीला पकडले जाता. आधी चार साधे पत्ते खरोखर मोजून स्वतःची लय बघा, मग तीच लय काउंटला द्या. ट्रायम्फ, म्हणजे अर्धा कॅट सुलटा अर्धा उलटा पिसून पुन्हा सरळ करायचा, ते मात्र आत्ता नको. त्यातलं खोटं पिसणं खऱ्यासारखं दिसायला हवं, आणि बहुतेकांचं खरं पिसणंच बेंगरूळ असतं.

आमच्या ज्येष्ठांची पोथी म्हणजे १९०२ साली एस. डब्ल्यू. अर्डनेझ या टोपणनावाने निघालेलं पुस्तक. जो तो त्यातल्या मूव्ह्जचेच दाखले देतो. त्याच पुस्तकाच्या शेवटी पूर्ण जादूही दिल्या आहेत, तोंडाने काय बोलायचं त्यासकट. ती पानं त्यांनी उघडली असावीत असं वाटत नाही. त्यांनी जन्मात कुणाला पाच मिनिटांची सलग जादू दाखवलेली मी तरी पाहिली नाही. मूव्ह्ज मात्र विचाराल तेव्हा.

तुमच्या हातांचं म्हणाल तर पोकरचा पत्ता अडीच इंच रुंद, ब्रिजचा सव्वादोन. पाम जमत नसेल तर ब्रिजचा कॅट घ्या आणि विसरा. वेळेचं घड्याळ लावू नका. रूटीन दोनदा पूर्ण करा, एकदा कॅमेऱ्यासमोर, एकदा जिवंत माणसासमोर.

थोडं त्यांच्या बाजूनेही लिहितो, नाहीतर खोटेपणा होईल. पाम सुटा घोटावाच लागतो, रूटीनमध्ये शिकायला गेलात तर पत्ते सांडतील. कुठल्या बाजूने काय उघडं पडतं, ते बघायला आरसाही लागतो. आणि त्या दोन वर्षांनी माझी बोटं मऊ झाली, हेही खरं.

पण तो पास मी आजवर एकदाही कुणासमोर वापरलेला नाही. ब्रेक आणि डबल लिफ्टवरच माझं सगळं भागतं.