ब्लाइंड्स रिपेअर करा, पण त्याआधी बाबांची पॉलिसी परत करा

प्रश्न: नमस्कार सर. नाशिकला गंगापूर रोडला आमचा टू बीएचके आहे, राहायला येऊन पाच वर्षं झाली. पाच खिडक्यांना ब्लाइंड्स आहेत आणि आता सगळ्यांनी एकदमच मान टाकली आहे. हॉलमधल्या एका रोलरची चेन नुसती फिरते, कापड वर जात नाही. दुसरा तिरका गुंडाळला जातो. दोन्ही बेडरूममधल्या व्हर्टिकलच्या पट्ट्या गळून पडल्यात आणि मुलाच्या खोलीतल्या झेब्राचं (आडव्या पट्ट्यांच्या दुहेरी कापडाचा ब्लाइंड) कापड फाटलंय. रिपेअरवाला सगळं मिळून 4,200 म्हणतो. शोरूमवाला म्हणतो रिपेअरमध्ये पैसे घालू नका, सगळीकडे मोटराइज्ड झेब्रा लावा, रिमोटवर चालतात, पश्चिमेचं ऊन येतं तर खोलीही थंड राहील. 68,000, नो कॉस्ट ईएमआय 12 महिने, रोख दिले तर 62,000. माझा इन हँड पगार 88,000, होमलोनचा हप्ता 34,000. नव्या हप्त्याची तशी चिंता नाही कारण बाबांची 3 लाखांची एफडी मॅच्युअर झाली होती ती बँकेतल्या मॅडमनी एका चांगल्या गॅरंटीड प्लॅनमध्ये टाकून दिली आहे, एकदाच भरायचे, पाच वर्षांत डबल, आणि पुढच्या वर्षीपासून थोडे थोडे काढताही येतील. तर मोटराइज्ड घ्यावेत की रिपेअर करावं?

उत्तर: रिपेअर करा. तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर एवढंच, का ते खाली पटकन सांगतो. पण पत्राच्या शेवटी जाता जाता मॅडमच्या प्लॅनचं जे वाक्य टाकलंयत ते वाचून मी त्याच दिवशी तुमच्याकडून त्या कागदाच्या पहिल्या पानाचा फोटो मागवला, आणि फोटो बघून पॉलिसी परत करा असा दोन ओळींचा मेलही लगेच केलाय. तो मेल वाचला नसेल तर हे पुढचं सगळं सोडा आणि आधी तो वाचा.

आता ब्लाइंड्स. चार ब्लाइंड्सचं कापड धड आहे, बिघडलेत ते किरकोळ प्लास्टिकचे भाग. चेन नुसती फिरते म्हणजे नळीच्या टोकाला जो क्लच असतो त्याचे दाते झिजलेत, तो शे-दोनशे रुपयांचा पार्ट आहे, फक्त जुना क्लच काढून दुकानात घेऊन जा कारण नळीचा व्यास वेगवेगळा असतो आणि अंदाजाने आणलेला बसत नाही. तिरका गुंडाळला जातो त्याला बऱ्याचदा पार्टही लागत नाही, ब्रॅकेट लेव्हलमध्ये आहेत का ते बघायचं, असतील तर कापड पूर्ण खाली सोडून वरच्या नळीवर एका टोकाला टेपचे एक-दोन वेढे मारायचे, नाही जमलं तर दुसऱ्या टोकाला मारून बघायचे. व्हर्टिकलची पट्टी वरच्या हँगरपाशी तुटते, हँगर सुटे मिळतात. खरा खर्च काय तो झेब्राच्या कापडाचा, आणि ते धरूनच तुमचा माणूस 4,200 म्हणतोय. रास्त आहे. त्यालाच सांगून मुलाच्या खोलीतली चेन भिंतीला क्लिप मारून ताणून बसवून घ्या, लोंबता लूप लहान मुलाच्या गळ्यात अडकू शकतो.

शोरूमवाल्याचं उन्हाचं लॉजिक मात्र ऐकण्यासारखं आहे. मोटरचा आणि उन्हाचा संबंध काय? कापड तेच, फक्त ते हाताने न ओढता बटणाने ओढलं जातं. ऊन एकदा काचेतून आत आलं की बरीचशी उष्णता आत आलीच, मग ब्लाइंड रिमोटचा असो नाहीतर दोरीचा. ऊन काचेच्या बाहेर अडवलं तर फरक पडतो, पश्चिमेच्या बाल्कनीला बाहेरून बांबूची चिक लावा, मोटरपेक्षा ती जास्त काम करेल. आणि मोटर बंद पडली की तुमचा आत्ताचा रिपेअरवाला तिला हात लावणार नाही, शोरूमच्याच माणसाची वाट बघावी लागेल, त्याचे व्हिजिट चार्जेस वेगळे.

नो कॉस्ट म्हणाल तर कॉस्ट त्यानेच तुम्हाला सांगितली आहे, रोखीत 62,000 आणि हप्त्यात 68,000, म्हणजे कॉस्ट 6,000. दर महिन्याला मुद्दल फिटत जाते म्हणजे वर्षभरात सरासरी साधारण निम्मीच रक्कम तुमच्याकडे उधार असते, त्या हिशोबाने हे व्याज 18 टक्क्यांच्या आसपास पडतं. वर कार्डवाली बँक प्रोसेसिंग फी लावेल आणि व्याजावरचा जीएसटी घेईल तो वेगळाच. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच हे रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांना सुनावलंय, तेव्हापासून फक्त बोर्डवरचे शब्द बदलले. संपला ब्लाइंड्सचा विषय.

आता तो फोटो. मॅडमचा प्लॅन म्हणजे आयुर्विम्याची पॉलिसी आहे. तुम्ही लिहिलंत एकदाच भरायचे. पहिल्या पानावर काय छापलंय ते मी इथे उतरवतो: वार्षिक हप्ता 3,00,000. हप्ते भरण्याची मुदत 10 वर्षं. पॉलिसीची मुदत 15 वर्षं. मॅच्युरिटी 52 लाख. प्रपोजर, म्हणजे पॉलिसी घेणारे, बाबा, आणि विमा कोणावर? तुमच्यावर. बाबा 68 वर्षांचे, त्यांच्या वयाला असला प्लॅन सहसा मिळत नाही म्हणून तुमचं नाव घातलं, आणि तुम्हाला ते माहीतही नाही. तुम्ही दुसऱ्या मेलमध्ये लिहिलंयत की मध्ये कंपनीचा एक व्हेरिफिकेशनचा फोन आला होता, मी मीटिंगमध्ये होतो, हो हो म्हणून ठेवून दिला. त्या फोनवर हेच सगळं वाचून दाखवतात हो, दरवर्षी हप्ता आहे हे समजलं का, ही एफडी नाही हे समजलं का, आणि तुमचं हो रेकॉर्ड होतं. उद्या भांडायला गेलात की कंपनी तेच रेकॉर्डिंग पुढे करणार.

म्हणजे तीन लाख गुंतवलेले नाहीत, तीस लाखांचं बांधून घेतलंय. बाबांची पेन्शन 27,000, वर्षाची सव्वातीन लाख. त्यातून 3 लाखांचा हप्ता भरला की उरले 24,000, महिन्याला दोन हजार. दोन हजारात काय त्यांची औषधं येणार आहेत? मग तो हप्ता कोण भरणार, तुम्ही. महिन्याला 25,000 बाजूला काढायचे, होमलोन 34,000, वर शोरूमचे 5,667. 88,000 मधून घरात 23,000 येणार आणि त्यात मुलाची शाळा, किराणा, पेट्रोल. आणि तुम्ही मला विचारताय रिमोटवाले घेऊ का.

पाच वर्षांत डबल हे तर मी किती वेळा ऐकू. पाच वर्षांत डबल व्हायला वर्षाला चौदा-पंधरा टक्के लागतात, 72 ला 5 ने भागा, झालं. चौदा टक्के गॅरंटीने देणारी विमा कंपनी मला दाखवा, मीच माझे पैसे तिथे टाकतो. तुमच्या कागदावरचा आकडा काय म्हणतो ते बघू, दहा वर्षं तीन-तीन लाख भरायचे आणि पंधरा वर्षं संपली की 52 लाख. तीसचे बावन्न, ऐकायला किती गोड. सालाचं व्याज काढलं तर येतं सव्वापाच टक्के. आत्ता मॅच्युअर झालेल्या एफडीला याहून जास्त मिळत होतं, आणि ती हवी तेव्हा मोडता येत होती. बाबा तेव्हा 83 वर्षांचे असतील. पुढच्या वर्षीपासून थोडे थोडे काढता येतील असं तुम्हाला सांगितलंय, त्याचा पहिल्या पानावर कुठे उल्लेख नाही.

मॅडमनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या असं तुम्ही दुसऱ्या मेलमध्ये लिहिलंत. एक, टॅक्स वाचेल. कुणाचा? बाबांचं वर्षाचं उत्पन्न सव्वातीन लाख, नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंत टॅक्सच लागत नाही, आणि नव्या पद्धतीत 80सी ची, म्हणजे विम्याच्या हप्त्यावरची, वजावटही मिळत नाही. जो टॅक्स नाहीच तो वाचवायला तीन लाख दिले. दुसरं, जीएसटी माफ झालाय म्हणून आत्ताच घ्या. हे खरं आहे, 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. पण आधी तो असल्या प्लॅनवर पहिल्या वर्षी साडेचार आणि नंतर सव्वादोन टक्के होता, तेवढा गेला म्हणून भिकार प्लॅन चांगला होत नाही, नासलेल्या दुधावर पाच रुपये सूट मिळाली तर तुम्ही घ्याल का.

बरं, एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे. पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते, फ्री लूक म्हणतात त्याला. पैसे परत मिळतात, त्यातून फक्त तेवढ्या दिवसांचा विम्याचा खर्च, मेडिकल केली असेल तर ती आणि स्टॅम्प ड्युटी कापतात. तीन लाखांत हे किरकोळ. कारण लिहावं लागतं पण एक ओळ पुरते, एफडी सांगून पॉलिसी दिली, एकदाच भरायचे सांगून दहा वर्षांची दिली. कारण कंपनीला पटो न पटो, मुदतीत अर्ज आला तर पैसे द्यावेच लागतात.

आता इथेच लोक फसतात म्हणून नीट वाचा. तुम्ही म्हणता बॉन्ड, म्हणजे पॉलिसीचा कागद, कुरिअरने आला त्याला 12 दिवस झाले, म्हणजे 18 दिवस हातात आहेत. तसं धरून चालू नका. पीडीएफ ईमेलवर आधीच आलेली असू शकते आणि कंपनी तिथून दिवस मोजेल. बाबांचा ईमेल कोण बघतं? फॉर्मवर ईमेल कुणाचा टाकलाय तेही बघा, कधीकधी भलताच असतो. त्यामुळे दिवस मोजत बसण्यापेक्षा उद्याच्या उद्या अर्ज द्या. अर्ज बाबांच्या सहीचा, कारण पॉलिसी त्यांच्या नावावर आहे. सोबत ओरिजिनल बॉन्ड, बाबांचा कॅन्सल्ड चेक, आधार-पॅनची झेरॉक्स. द्यायचा विमा कंपनीच्या शाखेत, बँकेत नाही, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका. तोच अर्ज स्कॅन करून बाबांच्या ईमेलवरून कंपनीच्या कस्टमर केअरला पाठवा, वेळेची नोंद राहते.

बँकेत कळलं की मॅडमचा फोन येणार, आज येईल नाहीतर उद्या. काका असं काय करता, मी बघते ना, पुढच्या आठवड्यात आमचे मॅनेजर घरी येतील, पुढच्या वर्षी हप्ता नाही भरला तरी चालतं. पहिल्या हप्त्यावर कमिशन असतं आणि पॉलिसी परत गेली की ते जातं, म्हणून ही सगळी धडपड, आणि बघते बघते करत तीस दिवस कसे निघून जातात ते कळतही नाही. बाबा भिडस्त असतील तर फोन तुम्ही घ्या आणि एकच सांगा, अर्ज दिलाय, आता कंपनी बघेल.

अर्ज दिल्यावर सात दिवसांत पैसे यायला हवेत. नाही आले किंवा टोलवाटोलवी सुरू झाली तर विमा नियामक इर्डाच्या बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाका, फोनवर सांगायचं तर 155255. कंपनीला लेखी तक्रार देऊन महिनाभरात समाधान झालं नाही तर पुण्यात विमा लोकपालांचं कार्यालय आहे, तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. पण मुदतीत अर्ज गेला तर बहुतेक एवढी वेळ येत नाही.

समजा तारीख हुकलीच. मग गणित कडू आहे. 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नियमाने एक वर्षाचा पूर्ण हप्ता भरला असेल तर वर्ष संपल्यावर सरेंडर करून, म्हणजे पॉलिसी मध्येच बंद करून, काहीतरी परत मिळतं, आधी तर दोन हप्ते भरल्याशिवाय कपर्दिकही मिळत नव्हती. पण काहीतरी म्हणजे तीन लाखांचे तीन लाख नाहीत. तरीसुद्धा गेलेले वाचवायला दुसरे तीन लाख भरू नका, चुकीचं सांगून विकली म्हणून लेखी तक्रार करा आणि तिथून पुढे जा.

पैसे परत आले की ते पोस्टातल्या सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये टाका. सध्या 8.2 टक्के, पाच वर्षांसाठी, व्याज दर तिमाहीला. तीन लाखांवर तिमाहीला 6,150 बाबांच्या खात्यात जमा होतील, आणि ते बाबांचेच राहू द्यात, तुमच्या शोरूमच्या हप्त्याला नकोत. हीच स्कीम बऱ्याच बँकांतही मिळते, त्याच शाखेत उघडलीत तरी माझी हरकत नाही, फक्त त्या दिवशी तुम्ही बाबांबरोबर जा, मीटिंग असली तरी, आणि सही करायच्या आधी फॉर्मवर स्कीमचं नाव काय छापलंय ते दोघांनी वाचा.