कोऱ्या कमिशनिंग रिपोर्टवर सही केली, म्हणून वॉरंटी बुडाली का?

प्रश्न: ग्वाल्हेरला लष्कर भागात राहत्या घराच्या वरच्या मजल्यावर मी अभ्यासिका चालवते. स्पर्धा परीक्षेची साठेक मुलं येतात. मिस्टर गेल्यापासून घर यावरच चालतं. हाताखाली एक मुलगा आहे, बाकी सगळं मीच बघते. एप्रिल २०२४ मध्ये गच्चीवर साडेआठ टनांचं रूफटॉप युनिट बसवून घेतलं, हीट पंपवालं, म्हणजे उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात गरम. एकूण ६,८०,००० रुपये ठरले. पंच्याऐंशी टक्के दिले, उरलेले पंधरा टक्के ‘कमिशनिंगनंतर’, म्हणजे मशीन चालवून, तपासून ताब्यात दिल्यावर, असं कोटेशनवर लिहिलंय. उन्हाळा छान गेला. डिसेंबरात गरमवर लावलं तर थंडच वारा. डीलरच्या माणसाने ‘गॅस कमी आहे’ म्हणत दोनदा गॅस भरला, दोन्ही वेळा पैसे घेतले. आता २०२६ चा जानेवारी, दुसरा हिवाळा, तरी तेच. कंपनी म्हणते, कमिशनिंग रिपोर्ट आमच्याकडे आलाच नाही, म्हणून वॉरंटी नोंदली गेली नाही. डीलर म्हणतो, आधी माझे १,०२,००० द्या, नाहीतर एमएसएमईच्या, म्हणजे लहान उद्योगांची थकबाकी वसूल करून देणाऱ्या, समितीकडून व्याजासकट वसूल करीन. बसवायच्या दिवशी मी एका फॉर्मवर सही केली होती, त्याची प्रत जोडली आहे. त्या सहीने मी अडकले का? एका ओळखीच्यांनी ‘प्रॉडक्ट लायबिलिटी’चा दावा टाका असं सुचवलंय. शिवाय शेजारी मशीनच्या आवाजाबद्दल भांडतात.

उत्तर: ताई, तुमच्या कागदांतला तो फॉर्मच मी सर्वांत आधी काढला. सक्शन प्रेशर, डिस्चार्ज प्रेशर, तिन्ही फेजचे अँपिअर, परतीच्या हवेचं तापमान, सोडलेल्या हवेचं तापमान. प्रत्येकापुढे दोन चौकटी, एक कूलिंगची आणि एक हीटिंगची. एकाही चौकटीत आकडा नाही. खाली ‘ग्राहक समाधानी’ समोर टिक, आणि त्याखाली तुमची सही. तुम्ही सहीकडे बघून घाबरलात. मी वरच्या चौकट्या बघतो. मशीन तपासून ताब्यात दिलं याचा पुरावा म्हणून हा कागद डीलर पुढे करणार, आणि तोच कागद सांगतो की कोणी काहीही मोजलं नाही. त्याने घरी बसून खोटे आकडे भरले असते तर मला जास्त घाम गाळावा लागला असता.

दुसरा कागद याहून मोलाचा आहे. मशीन बसल्यावर तिसऱ्याच दिवशी तुम्ही व्हॉट्सॲपवर विचारलंत, गरमचं कधी दाखवणार? त्याचं उत्तर: ‘मॅडम, अभी गर्मी में हीटिंग चेक नहीं होती, अक्टूबर में आके करा देंगे.’ यात तो खोटं बोलला नाही. बाहेर बेचाळीस अंश असताना हीट पंप गरमवर चालवला तर प्रेशर चढून मशीन बंद पडतं, हीटिंगची चाचणी थंडीतच करावी लागते. पण याचा कायदेशीर अर्थ काय झाला? कमिशनिंग अर्धं राहिलं आहे हे त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलं. कोटेशनप्रमाणे पंधरा टक्के कमिशनिंगनंतर द्यायचे होते, आणि कमिशनिंग आजतागायत पुरं झालेलं नाही. तेव्हा ते १,०२,००० अजून देय झालेलेच नाहीत. तो मेसेज ज्या फोनमध्ये आहे तो फोन विकू नका, बदलू नका. छापील प्रतीबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडावं लागेल. ग्राहक आयोग पुराव्याच्या नियमांत फार ताणत नाही, पण समोरचा वकील ताणतो.

आता चूक कोणाची, कंपनीची की डीलरची? इथे थोडं मशीनमध्ये डोकवावं लागेल, कारण साऱ्या दाव्याची मदार त्यावर आहे. स्प्लिट एसीत आतलं आणि बाहेरचं युनिट तांब्याच्या नळ्यांनी जोडतात, त्यामुळे गॅस गळाला की संशय आधी बसवणाऱ्यावर जातो. रूफटॉप पॅकेज युनिटचं तसं नसतं. कॉम्प्रेसर आणि दोन्ही कॉइल एकाच पेटीत, गॅस कारखान्यातच भरून सील केलेला. गच्चीवर डक्ट जोडायचा, तीन फेजची वीज द्यायची, थर्मोस्टॅटच्या तारा ओढायच्या, निचऱ्याचा पाइप लावायचा. गॅसच्या नळीला हात लावायचं कामच नाही. मग खरोखरच गॅस कमी झाला असेल, तर गळती कारखान्याच्या जोडात आहे, नाहीतर क्रेनने चढवताना पेटीला मार बसला आहे. पहिलं असेल तर कंपनी जबाबदार, दुसरं असेल तर डीलर. आणि गळती न शोधता दोनदा गॅस भरून पैसे घेणं ही त्यावर आणखी वेगळी सेवेतली त्रुटी.

पण तुम्ही लिहिलंय की गरमवर लावलं तरी ‘थंडच’ वारा येतो. हे मला गॅसचं प्रकरण वाटत नाही. गॅस कमी असला तर हवा कोमट येते. हीट पंपात एक उलटा फिरवणारा व्हॉल्व्ह असतो, आपल्याकडचे मेकॅनिक त्याला फोर-वे व्हॉल्व्ह म्हणतात. गॅसचा प्रवाह तो उलटवतो, म्हणून एकच मशीन थंडही करतं आणि गरमही. बऱ्याच युनिटांत त्याच्या कॉइलला फक्त गरमच्या वेळी वीज मिळते. ती तार जोडायची राहिली, किंवा थर्मोस्टॅटचं सेटिंग चुकलं, तर कूलिंग झकास चालतं आणि हीटिंगचं बटण दाबलं तरी मशीन थंडच करत राहतं. तुमच्याकडे असंच निघालं तर एप्रिलमधल्या त्या दुपारी एक तार राहून गेली आणि दोन हिवाळे वाया गेले, असा याचा अर्थ. मी वकील आहे, निदान माझं नाही. म्हणूनच डीलरशी संबंध नसलेल्या एखाद्या अनुभवी एसी इंजिनिअरकडून लेखी तपासणी करून घ्या आणि त्याला सांगा, आधी व्हॉल्व्हची तार बघा, गॅसला मग हात लावा. तपासणीची तारीख आणि वेळ डीलर व कंपनी दोघांनाही आठवडाभर आधी ईमेलने कळवा. आले तर उत्तम, नाही आले तरी तुमचं काम झालं. झाकण उघडण्याआधी आणि उघडल्यावर फोटो घ्या. तोपर्यंत कोणीही येऊन ‘दोन मिनिटांत ठीक करतो’ म्हणाला तर हात लावू देऊ नका.

कंपनीचा वकील एक गोष्ट हमखास म्हणेल: ते डीफ्रॉस्ट आहे. कडाक्याच्या थंडीत, धुकं असलं की बाहेरच्या कॉइलवर बर्फ धरतो आणि तो वितळवायला मशीन स्वतःहून काही मिनिटं उलटं चालतं. तेव्हा आत थंड वारा येऊ शकतो. ग्वाल्हेरच्या जानेवारीत हे घडणारच. पण डीफ्रॉस्ट काही मिनिटांचं असतं, सकाळभर चालत नाही. डक्टच्या जाळीला साधा थर्मामीटर लटकवा आणि दोन-तीन दिवस सकाळी दर दहा मिनिटांनी फोटो काढा. फोटोवर वेळ दिसली पाहिजे. या फोटोंपुढे तो बचाव टिकणार नाही.

आता आयोगात जो खरा वाद होईल त्याकडे येतो. समोरचे पहिला आक्षेप घेतील की अभ्यासिका हा धंदा आहे, मशीन व्यापारी कामासाठी घेतलं, म्हणून तुम्ही ‘ग्राहक’च नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(७) मध्ये व्यापारी हेतूने केलेली खरेदी वगळली आहे हे खरं. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात मात्र म्हटलंय की केवळ उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेल्या आणि वापरलेल्या वस्तू ‘व्यापारी हेतू’त मोडत नाहीत. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मशीन चालवायला एक-दोन माणसांची मदत घेतली म्हणून ग्राहकपण जात नाही. श्रीराम चिट्सच्या २०२४ च्या निकालात, खरेदी व्यापारी हेतूची होती हे सिद्ध करायची जबाबदारी आधी समोरच्यावर टाकली आहे. तुमचं घर यावरच चालतं, तुम्ही रोज तिथे बसता, हे शपथपत्रात पहिल्याच परिच्छेदात आलं पाहिजे. सोबत आयकर विवरणपत्र किंवा बँकेचं पासबुक जोडा.

याच कारणाने एक सल्ला, तो तुम्हाला आवडणार नाही. मुलं सोडून गेली, इतकी फी बुडाली, असा मोठा आकडा मागू नका. जितका नफा बुडाल्याचं सांगाल तितकं समोरच्याला ‘बघा, धंदाच आहे’ म्हणायला बळ मिळेल. दोष दुरुस्त करून दोन्ही मोडमध्ये चाचणी करून द्या, ते ठरावीक मुदतीत झालं नाही तर मशीन बदला किंवा किंमत परत करा, गॅसचे घेतलेले पैसे परत द्या, मनस्ताप आणि तक्रारीचा खर्च द्या. एवढ्यावर थांबा. कलम ३९ खाली आयोग हे सगळं देऊ शकतो.

‘प्रॉडक्ट लायबिलिटी’, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची भरपाई, मात्र सोडून द्या. ओळखीच्यांनी नाव बरोबर ऐकलंय, जागा चुकली. त्या प्रकरणासाठी ‘हानी’ लागते, आणि कलम २(२२) मध्ये खुद्द वस्तूलाच झालेलं नुकसान आणि आर्थिक तोटा त्या व्याख्येतून स्पष्ट वगळले आहेत. तुमची तक्रार दोषयुक्त माल आणि सेवेतली त्रुटी एवढीच. तिच्यात डीलर आणि कंपनी दोघांनाही सामनेवाले करा, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवायचा खेळ एकाच टेबलावर होईल.

वॉरंटीचं बघा. रिपोर्ट पाठवायचं काम तुमचं नव्हतंच. डीलरच्या दुकानावर कंपनीची पाटी आहे, बिलावर कंपनीचं नाव आहे. डीलरला अधिकार आहे असा समज कंपनीने होऊ दिला, तर भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २३७ प्रमाणे तिला हात झटकता येत नाहीत. पेटीतलं वॉरंटी कार्ड शोधा. नोंदणीची अट त्यावर नसेल, किंवा विकताना सांगितलेली नसेल, तर ती नंतर लादता येणार नाही. शिवाय कोटेशन मागताना तुम्ही ईमेलमध्ये लिहिलंत, ‘सकाळी सहाला मुलं येतात, थंडीत हॉल गरम हवा.’ वस्तू विक्री अधिनियम, १९३० चं कलम १६ याच वाक्यावर उभं राहतं. खरेदीदाराने हेतू सांगितला आणि विकणाऱ्याच्या जाणतेपणावर भरवसा ठेवला, तर माल त्या हेतूला योग्य असलाच पाहिजे.

एमएसएमईच्या धमकीने झोप घालवू नका, पण दुर्लक्षही करू नका. त्या कायद्यातली मुदत, फार तर पंचेचाळीस दिवस, माल किंवा सेवा ‘स्वीकारल्या’च्या दिवसापासून मोजतात. पंधरा दिवसांच्या आत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली असेल, तर ती हरकत दूर होईल तो स्वीकाराचा दिवस. तुमचा मेसेज तिसऱ्या दिवसाचा आहे, आणि त्याच्या उत्तरातून काम बाकी असल्याचं निघतं. समितीकडून नोटीस आली तर तिथे हेच लेखी कळवा. वस्तू विक्री अधिनियमाच्या कलम ५९ प्रमाणे मालातल्या दोषापोटी किंमत कमी करून मागायचाही तुम्हाला हक्क आहे. आत्ता मात्र एक पैसाही ‘ॲडव्हान्स’ म्हणून देऊ नका.

घाई आहे ती मुदतीची. ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षं मिळतात. दोष डिसेंबर २०२४ मध्ये कळला, तेव्हापासून मोजा असं मी भांडेन. पण भांडायची वेळ कशाला आणायची? बिलाच्या तारखेपासून धरून मार्च संपायच्या आत तक्रार दाखल करा. कंपनीशी चाललेल्या ईमेलमुळे मुदत वाढत नाही, अनेकजण याच भरवशावर बुडतात. आधी पंधरा दिवसांची नोटीस, रजिस्टर्ड एडीने. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून ठेवा. कधी कधी कंपनीचा माणूस तेवढ्यानेच हलतो. नाही हलला तर ग्वाल्हेरच्याच जिल्हा आयोगात जा. तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. तुम्ही दिलेली रक्कम पाच ते दहा लाखांच्या गटात येते, फी फक्त २०० रुपये. तक्रार हिंदीत चालते, ई-जागृती पोर्टलवरून भरता येते आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. नोटीस मिळाल्यावर सामनेवाल्याला उत्तराला तीस दिवस, फार तर आणखी पंधरा. त्यापुढे आयोगही मुदत वाढवू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये पक्कं केलंय. मशीन एवढं मोठं, प्रयोगशाळेत पाठवता येणार नाही, म्हणून तक्रारीसोबतच स्थळपाहणीसाठी तज्ज्ञ नेमण्याचा अर्ज द्या.

मध्येच डीलर ‘चला, करून देतो’ म्हणून आला तर? येऊ द्या, पण तुमच्या इंजिनिअरची तपासणी झाल्यावरच. आणि या वेळी फॉर्मवर सही करण्याआधी हीटिंगच्या प्रत्येक चौकटीत त्याच्या हाताने आकडा लिहून घ्या, सहीखाली तारीख आणि ‘उजर राखून’, म्हणजे माझी हरकत कायम आहे, असं लिहा.

शेजाऱ्यांचं म्हणणं अगदीच उडवून लावू नका. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची आणि दिवसा ५५ ची मर्यादा आहे. मुलं सहाला येतात म्हणजे तुम्ही मशीन साडेपाचलाच चालू करत असणार. फ्रेमखाली रबरी पॅड बसवा, त्यांच्या खिडकीकडच्या बाजूला आडोसा करा. हवा जायला-यायला मात्र जागा ठेवा, नाहीतर मशीनच दमेल. हा खर्च आयोगातल्या तक्रारीत घालू नका, त्याचा डीलरशी काही संबंध नाही.