बुडी कमी, बाटल्या जास्त

ताई, सप्रेम नमस्कार.

मुलगी मालवणात बारावी सायन्सला, घरची होडी स्नॉर्केलिंगची, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळचं कोरल ती लहानपणापासून बघतेय. कोरलपासून कॅन्सरचं औषध निघतं असा मेसेज वाचल्यापासून ‘मला तेच करायचंय’ म्हणते आणि घरचे म्हणतात नर्सिंगला घाला. तुमचं पत्र थोडक्यात हेच.

तिने वाचलंय ते अर्धं खरं आहे. मऊ कोरलला पळता येत नाही, वर टणक कवचही नाही. मग माशांनी खाऊ नये म्हणून ते अंगात विषारी द्रव्यं धरून असतं. आपलं अळू खाजतं ते काय उगीच? 1990च्या दशकात अशाच एका मऊ कोरलात इल्युथेरोबिन सापडलं. पॅक्लिटॅक्सेल या कॅन्सरच्या औषधासारखंच तेही पेशींचं विभाजन रोखतं, पण प्रयोगशाळेत. औषध म्हणून ते अजून आलेलं नाही.

अडतं कुठे, तर मालात. एरिब्युलिन हे स्तनाच्या कॅन्सरवरचं औषध ज्या द्रव्यावरून बेतलं, ते जपानी शास्त्रज्ञांना 600 किलो समुद्री स्पंजातून मिळालं 12.5 मिलिग्रॅम. म्हणजे तांदळाचा जेमतेम अर्धा दाणा. एवढ्यासाठी कोण समुद्र खरवडणार? शेवटी रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या रेणूचा कामाचा भाग प्रयोगशाळेत बांधला, तेव्हा 2010 साली अमेरिकेत मंजुरी मिळाली. आपल्याकडे तर दगडी कोरल आणि समुद्रपंखे (पंख्यासारखी पसरणारी कोरलं) वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. तुकडा तोडला तरी गुन्हा. (पर्यटक मागतात, माहीत आहे. देऊ नका.)

तेव्हा या कामात बुडी कमी, बाटल्या जास्त. मूठभर नमुना मिथेनॉलमध्ये भिजत घालायचा, गाळायचा, आटवायचा. तळाला चिकट, तपकिरी, उग्र वासाचा अर्क उरतो. त्यातली द्रव्यं वेगळी करायला तो सिलिकाच्या कॉलममधून, म्हणजे बारीक पूड भरलेल्या उभ्या काचनळीतून, थेंब थेंब उतरवत शेकडो नळ्या भरायच्या. त्यातल्या बहुतेक निरुपयोगी निघतात.

म्हणून मला विचाराल तर झूलॉजी नको, केमिस्ट्रीत बीएस्सी. मग आयआयटी-जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी. पुढे नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर 2023पासून सुरुवातीला महिना 37,000 रुपये फेलोशिप आहे, पीएचडीचा भार तुमच्यावर येत नाही. गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल). पण नोकरीला लागेपर्यंत पोरगी अठ्ठावीस-तिशीची होईल, हे घरात आत्ताच बोलून ठेवा. तेवढा दम नसेल तर बीफार्म बरं, चार वर्षांत हाताला काम मिळू शकतं. आणि तिला समुद्रच हवा असेल, तर रत्नागिरीचं शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहेच.

एक राहिलं. तुमच्या दोन पानी पत्रात समुद्राबद्दल पुष्कळ आहे, पण तिला ऑरगॅनिक केमिस्ट्री आवडते का, यावर एक ओळ नाही. तेवढं तिलाच लिहून कळवायला सांगा.