करक्युमिन मिरीसोबत घेतलं की खरंच 20 पट शोषलं जातं का? अन् हे मोजतात कसं?

आई रोज हळदीची कॅप्सूल घेते (करक्युमिन म्हणजे हळदीतलं मुख्य पिवळं द्रव्य), डब्यावर "20 पट शोषण" लिहिलंय, ते खरं का अन् मोजलं कसं, असं तुम्ही विचारलंय. मी नागपुरात एका लॅबमध्ये प्लाझ्मा (पेशी काढल्यावर उरलेला रक्ताचा द्रव) सॅम्पलचंच काम करतो म्हणून लिहून राहिलो.

आकडा हवेतला नाही. 1998 मध्ये बंगलोरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजवाल्यांनी निरोगी लोकांना 2 ग्रॅम करक्युमिन दिलं, एकदा नुसतं अन् एकदा मिरीतल्या 20 मिलिग्रॅम पायपरिनसोबत, तर उपलब्धता, म्हणजे रक्तात पोचलेलं प्रमाण, 2000 टक्के वाढली. पण त्यातच हेही आहे की नुसतं दिलं तेव्हा रक्तात ते एकतर सापडलंच नाही नाहीतर नावापुरतं सापडलं. आता नावापुरत्याचे 20 पट म्हणजे किती, तुम्हीच सांगा! उंदरांमध्ये तर वाढ 154 टक्केच होती. अन् 2 ग्रॅम करक्युमिन म्हणजे, हळदीत साधारण 3 टक्के धरलं तर, 65-70 ग्रॅम हळद झाली. आपल्या वर्ध्याच्या वायगाव हळदीत करक्युमिन जास्त असते म्हणून तिचं नाव आहे, तरी भाजीतल्या चिमूटभर हळदीने तिथवर कोणी पोचत नाही.

मोजायचं म्हणजे रात्रभर उपाशी असलेल्या माणसाच्या हाताला कॅन्युला (शिरेत ठेवायची बारीक नळी) लावून ठेवायची, डोसच्या आधी एकदा रक्त घ्यायचं, मग पाव तास, अर्धा तास, एक, दोन, चार तास असं घेत राहायचं. लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून वरचा पिवळसर प्लाझ्मा वेगळा काढायचा अन् उणे 80 च्या फ्रीजरमध्ये टाकायचा. करक्युमिन मोठं नाजूक प्रकरण आहे, उजेडात खराब होते, रक्ताएवढ्याच पीएचच्या (आम्ल-अल्कलीचं माप) साध्या द्रावणात तर अर्ध्या तासात बहुतेक उडूनच जाते, म्हणून ट्यूब तपकिरी लागतात अन् हात भराभर चालवावा लागतो. मग एलसी-एमएस मशीनवर (द्रवातले घटक वेगळे करून वजनावरून ओळखणारं यंत्र) टाकून प्रत्येक वेळेचं प्रमाण काढायचं अन् ग्राफ मांडायचा. सगळ्यात उंच टोक म्हणजे सीमॅक्स, ते किती वाजता आलं तो टीमॅक्स, अन् रेषेखालचं क्षेत्रफळ म्हणजे एयूसी. "20 पट" वगैरे दावे बहुतेक या एयूसीवरूनच निघतात.

खरी गोम पुढे आहे. आतड्यात अन् लिव्हरमध्ये शरीर करक्युमिनला बाहेर टाकायला सोपं जावं म्हणून ग्लुकुरोनाइड किंवा सल्फेट नावाचे रासायनिक गट जोडून टाकते, म्हणजे रक्तात फिरते ते बहुतेक हेच जोडलेलं. लॅबमध्ये ग्लुकुरोनिडेज अन् सल्फेटेज ही एन्झाइम टाकली की ती जोडणी तुटते अन् मशीनला सगळंच करक्युमिन दिसते. एन्झाइम न टाकता मोजलं तर फक्त मोकळं दिसते, जे फारच कमी असते. एकाच माणसाचं, एकाच वेळचं रक्त, अन् आकडे दोन! जाहिरातीत कोणता छापतील हे सांगायला नको. म्हणून कोणत्याही कंपनीचा पेपर हाती आला की मी आधी "फ्री" मोजलं का "टोटल" तेच बघतो, बाकी नंतर.

पायपरिन करते काय, तर ही जोडणीच मंद करते. पण लिव्हर फक्त करक्युमिन थोडीच हाताळते! फेनिटॉइन, प्रोप्रॅनोलॉल, थिओफिलिन यांचंही रक्तातलं प्रमाण पायपरिनने वाढल्याचं माणसांवर मोजलेलं आहे. तेव्हा आई फिट्सची, बीपीची, दम्याची किंवा रक्त पातळ करायची गोळी घेत असतील तर हा डबा एकदा डॉक्टरांना दाखवाच, अन् मागच्या बाजूला पायपरिन किती मिलिग्रॅम लिहिलंय तेही बोट ठेवून दाखवा.