रडार साइटवरचा बिघडलेला यूपीएस: बंद कसा करायचा आणि नंतर काय सांभाळायचं

प्रश्न थोडक्यात असा: हवामान रडारच्या साइटवर यूपीएसच्या (लाइट गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत बॅटऱ्यांवर रडार चालू ठेवणाऱ्या यंत्राच्या) बॅटऱ्या फुगल्यात, कॅबिनेट गरम लागतंय, अलार्म सारखा वाजतोय. जनरेटर ठणठणीत आहे. नव्या बॅटऱ्या यायला वेळ आहे. तोवर यूपीएस चालू ठेवावा का?

नाही. बंद करा, आणि नव्या बॅटऱ्यांची वाट बघू नका. सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी तापली की जास्त करंट ओढते, त्या करंटने आणखी तापते, आणि या सगळ्याला खतपाणी घालत असतो यूपीएसचा चार्जर. त्यातून हायड्रोजन सुटतो. हवेत तो ४ टक्क्यांवर गेला की एक ठिणगी पुरते. सडक्या अंड्यांसारखा वास आला तर तो हायड्रोजन सल्फाइड, विषारी वायू. तसा वास असेल तर खोलीत पाऊल टाकू नका. बाहेरच्या इमर्जन्सी बटणाने यूपीएस बंद पाडा. मात्र ते बटण बॅटरीचा ब्रेकरही (जोडणी तोडणारा स्विच) पाडतं ना, हे आधी ड्रॉइंगवर बघून ठेवा. नुसता मेन सप्लाय तोडलात तर चार्जर थांबेल खरा, पण रडारचा सगळा लोड त्याच आजारी बॅटऱ्यांवर येईल. अशा वेळी रडार पडलं तर पडू द्या.

वास नसेल तर काम रीतसर करता येतं. दोघांनी मिळून करा, हातातलं घड्याळ-अंगठी काढून. मेंटेनन्स बायपास (यूपीएसला पूर्ण वगळून रडारला थेट सप्लाय देणारी वाट) असला तरी मी आधी रडारचं प्रक्षेपण बंद करून अँटेना थांबवायला सांगेन. बायपासवर जाताना सप्लाय चुकून तुटला, तर ट्रान्समीटर चालू असताना तुटण्यापेक्षा हे कितीतरी बरं. हे काम मेन सप्लायवरच करा. जनरेटरची फ्रिक्वेन्सी हलत असली तर इन्व्हर्टर (यूपीएसमधला, डीसीची एसी वीज करणारा भाग) तिच्याशी जुळत नाही आणि यूपीएस बायपास नाकारतो. आधी यूपीएस स्वतःच्या अंतर्गत बायपासवर न्या, पॅनेलवर तसं दिसल्याची खात्री करा, मगच मेंटेनन्स बायपासचा ब्रेकर चालू करा. इन्व्हर्टर लोड घेत असताना तो चालू केलात तर दोन सप्लाय एकमेकांना भिडतील. त्यानंतर आउटपुट, इनपुट आणि शेवटी बॅटरीचा ब्रेकर पाडून प्रत्येकाला कुलूप आणि फलक लावा.

इथे लोक निर्धास्त होतात, आणि नेमकं तिथेच जपायला हवं. यूपीएसमधले डीसी कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) काही मिनिटं भरलेलेच असतात, त्यामुळे मीटरने मोजल्याशिवाय हात नको. आणि ब्रेकर पडला तरी बॅटऱ्यांची माळ जिवंतच असते. १२ व्होल्टचे ४० ब्लॉक म्हणजे ४८० व्होल्ट डीसी. डीसीचा आर्क (जोड तोडताना पेटणारी विजेची ज्वाळा) एसीसारखा आपोआप विझत नाही. म्हणून इन्सुलेटेड पान्याने आधी माळेच्या मधला जोड काढायचा, म्हणजे हाताळायला निम्मा व्होल्टेज उरतो.

आता मुख्य गोष्ट. लाइट गेल्यापासून जनरेटर लोड घेईपर्यंतचे जे काही सेकंद यूपीएस भरून काढत होता, ते आता उघडे पडले. सेकंदांचा खंड मिनिटांवर जातो. अमेरिकेच्या डब्ल्यूएसआर-८८डी रडारमध्ये सुमारे ७५० किलोवॅट शिखर शक्तीचा क्लायस्ट्रॉन, म्हणजे रडारचे तरंग प्रवर्धित करणारी नळी, आहे. तो पूर्ण थंड पडला तर फिलामेंट तापायलाच साधारण १२ मिनिटं जातात. टोर्नेडोचा इशारा प्रत्यक्ष घटनेच्या आधी मिळतो तोच मुळी सरासरी दहा-बारा मिनिटं! शेजारच्या रडारवरही विसंबता येत नाही. अर्ध्या अंशावर रोखलेली किरणशलाका २०० किलोमीटरवर पोचते तेव्हा जमिनीपासून सुमारे ४ किलोमीटर वर असते, आणि वादळाच्या खालच्या भागात काय घडतंय ते तिला दिसतच नाही.

म्हणून खंड कधी पडावा हे आपण ठरवायचं. वादळ टप्प्यात येण्याच्या बऱ्याच आधी, आकाश मोकळं असतानाच, रडार जनरेटरवर घ्या. मग मेन लाइन गेली तरी फरक पडत नाही. परतीचं मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही: साधा ट्रान्सफर स्विच (मेन आणि जनरेटर यांच्यात बदल करणारा) मेनवर परततानाही क्षणभर सप्लाय तोडतो. तो ऑटोवर असेल तर लाइन आली की आपणहून परतेल, ऐन वादळात. त्या काळापुरता त्याला हाताने चालवण्याच्या (मॅन्युअल) स्थितीत ठेवा आणि ढग पूर्ण सरल्यावरच परत या.

जनरेटर जास्त तास चालणार, म्हणून डिझेलचा हिशोब नव्याने मांडा. सिग्नल प्रोसेसर आणि दळणवळणाच्या साधनांना छोटा वेगळा यूपीएस देता आला तर जरूर द्या. ट्रान्समीटर पडेल, पण संगणक पुन्हा उभे करण्याचा वेळ वाचेल. आणि पूर्वानुमान कार्यालयाला लेखी कळवा की या साइटवर आता मधला आधार नाही, लाइन गेली तर चित्र काही मिनिटं थांबेल. तिथल्या ड्यूटीवरच्या माणसाकडे जनरेटरवर जायला सांगण्याचा अधिकार आणि तुमचा फोन नंबर, दोन्ही असू द्या.