बाबांना जाऊन चार महिने झाले, आई अजून सावरत नाही. हे नॉर्मल आहे का? आम्ही काय करावं?

तुम्ही जे लिहिलंय त्यातल्या काही गोष्टींची काळजी करायचं कारण नाही, आणि काहींची याच आठवड्यात करायला हवी. आई ६२ वर्षांच्या, गावी एकट्या. रात्री अडीचला उठून बसतात, ओटीवर बाबांचा खोकला ऐकू आला म्हणतात. अर्ध्या पोळीवर ताट बाजूला करतात. मधेच मालिका बघताना हसतात आणि मग ओशाळून गप्प होतात. मामांचं म्हणणं झोपेची गोळी सुरू करा, काकूंचं म्हणणं घर बंद करून त्यांना पुण्याला आणा.

माझं मत स्पष्ट आहे: त्यांचं दुःख कमी करायच्या मागे लागू नका, ते तुमच्या हातात नाही. जेवण, झोप, औषधं, कागदपत्रं आणि सोबत हे मात्र हातात आहे, आणि घडी विस्कटते ती बहुतेक वेळा इथेच.

आधी खोकल्याचं. ड्यूई रीस या डॉक्टरांनी वेल्समधल्या २९३ विधवा-विधुरांशी बोलून १९७१ मध्ये निष्कर्ष मांडले. जवळजवळ निम्म्या लोकांना गेलेलं माणूस जवळ असल्याचं जाणवलं होतं. कुणाला दिसलं होतं, कुणाला ऐकू आलं होतं. बहुतेकांनी ते कुणाला सांगितलंच नव्हतं, काहींनी लोक हसतील म्हणून. आई तुम्हाला सांगतायत ही चांगली गोष्ट आहे. ‘भास होतोय तुला’ म्हणून ते दार बंद करू नका, ‘मग काय वाटलं?’ एवढंच विचारा. डॉक्टरांकडे न्यायची वेळ वेगळी: आवाज हुकूम सोडू लागला, बाबा गेलेत हेच त्या विसरू लागल्या, किंवा दिवस-वार-जागा यांचा अचानक गोंधळ व्हायला लागला तर. या वयात लघवीचा संसर्ग झाला किंवा रक्तातलं सोडियम उतरलं तरी असा गोंधळ होतो, आणि घरचे ‘धक्का बसलाय’ म्हणून दिवस घालवतात.

हसण्याचं तर बरंच वाटून घ्या. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलं की शोकातला माणूस दोन्हीकडे ये-जा करतो: कधी आठवणीत, रडण्यात, कधी गॅसचा नंबर लावण्यात, मालिकेत, शेजारणीच्या गप्पांत. ही ये-जा चालू असणं हेच सावरण्याचं लक्षण. सतत रडणं किंवा बाबांचं नावही न काढणं, यांपैकी एकाच टोकाला माणूस अडकला तर लक्ष द्यावं. ‘दुःखाच्या पाच पायऱ्या’ व्हॉट्सॲपवर फिरतात त्या सोडून द्या. एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी त्या १९६९ मध्ये मांडल्या त्या मुख्यतः मरणपंथाला लागलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेली माणसं त्या क्रमाने चढत नाहीत, त्यामुळे ‘आई अजून रागाच्या पायरीवर आली नाही’ असा हिशेब करू नका.

आता अर्धी पोळी. मला सगळ्यात जास्त काळजी हिची वाटते. आईंना मधुमेह असेल आणि ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असेल, तर डोस पूर्वीचा आणि जेवण निम्मं अशाने साखर धोकादायक उतरते. रात्री घाम फुटून जाग येणं, थरथर, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणं, म्हणजे अडीचचं जागं होणं निव्वळ दुःखाचं नसेलही. त्या वेळी ग्लुकोमीटरवर साखर बघा. ७० च्या खाली असेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, सावरल्यावर काहीतरी खायला द्या. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना फोन करून ‘जेवण निम्म्यावर आलंय’ हे शब्द सांगा, डोस ते ठरवतील. रक्तदाबाच्या गोळीचंही तसंच: अन्नपाणी कमी पडलं की उठताना चक्कर येते. वजन दर रविवारी सकाळी एकाच काट्यावर करा. ६० किलोच्या बाईचं तीन किलो उतरलं असेल तर तपासणी हवीच. छातीत दुखलं किंवा दम लागला तर ‘टेन्शन आहे’ म्हणून थांबू नका, लगेच ईसीजी काढा. मोठ्या धक्क्यानंतर हृदयाचा स्नायू तात्पुरता दुबळा होण्याचा खरा आजार आहे आणि तो पाळी गेलेल्या बायकांमध्येच जास्त दिसतो.

पूर्ण ताट वाढून ‘संपव’ म्हणू नका. दर तीन तासांनी थोडं: वाटीभर मुगाची खिचडी, पेज, दही-भात, उकडलेलं अंडं चालत असेल तर तेही. एकटीसाठी चूल पेटवायचा कंटाळा हेच बऱ्याचदा मूळ असतं. आठवड्यातून तीन-चार दिवस शेजारच्या कुणी आपलं ताट घेऊन त्यांच्याकडे जेवायला बसलं तर डब्यापेक्षा जास्त उपयोग होतो.

मामांची गोळी नको. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची काही आठवड्यांत सवय लागते, रात्री तोल जातो, आणि या वयात खुब्याचं हाड मोडलं तर सगळंच अवघड. (आधीच चालू असेल तर एकदम तोडू नका, तेही धोक्याचं; हळूहळू कमी करावी लागते.) त्याऐवजी उठायची वेळ ठरलेली ठेवा, रात्र कशीही गेली तरी. सकाळी अर्धा तास अंगणात उजेडात. दुपारची डुलकी अर्ध्या तासापुरती, चारनंतर चहा नाही. वीसेक मिनिटं झोप लागली नाही तर अंथरुणात तळमळत न पडता दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसावं. नेहमीची खाट नकोशी वाटत असेल तर काही महिने जागा बदलली तरी बिघडत नाही.

घराचा निर्णय वर्षभर पुढे ढकलता आला तर ढकला. नवरा गेला, त्यात वाणी, देऊळ, शेजार सगळं सुटलं तर पुण्याच्या फ्लॅटमध्ये त्या दिवसभर कुणाशी बोलणार? पंधरा दिवस आणा, परत सोडा, मग त्यांनाच विचारा. बाबांचं सिमकार्ड बंद करू नका, बँकेचे ओटीपी त्यावरच येत असतील. मात्र त्या खात्यातून परस्पर पैसे काढू नका, बँकेला रीतसर कळवा. मृत्यूच्या दाखल्याच्या आठ-दहा प्रती घेऊन ठेवा. शेती असेल तर सातबाऱ्यावर वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे तीन महिन्यांत द्यायचा असतो. राहिला असेल तर लगेच द्या. आणि या काळात आईंची सही कुठल्याही हक्कसोडपत्रावर होऊ देऊ नका, समोर कितीही जवळचं माणूस असो.

कुंकू, बांगड्या त्यांच्या मर्जीवर. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारनेही तो कित्ता इतर गावांपुढे ठेवला; कुणी नाक मुरडलं तर हे सांगायला हरकत नाही. पहिल्या दिवाळीला आणि वर्षश्राद्धाच्या सुमारास रडणं पुन्हा वाढेल, ते अपेक्षित आहे.

तज्ज्ञ कधी? दीर्घकालीन शोकविकाराचं निदान जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत सहा महिन्यांनंतर होतं, अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निकषांत मोठ्यांसाठी वर्षानंतर. त्यासाठी खास बोलण्याची उपचारपद्धती आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तिच्या जोडीला नैराश्यावरचं सिटालोप्राम दिल्याने शोक आणखी कमी झाला नाही, नैराश्याला मात्र मदत झाली. नैराश्याला सहा महिन्यांची वाट बघायची गरज नसते: अंघोळही नको, मी नालायक, सगळं माझ्यामुळे झालं, असं रोजच चालू असेल तर आताच न्या.

‘मलाही बोलावून घ्या’ हे पुष्कळ बायका म्हणतात. तरी स्पष्ट विचारा: ‘आई, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो आलं, किंवा कसं ते त्यांनी ठरवलेलं दिसलं, तर एकटं सोडू नका, फवारणीचं औषध आणि गोळ्यांचा साठा त्याच दिवशी घराबाहेर हलवा, मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

रोजच्या फोनवर ‘जेवलीस का?’ विचारलं की उत्तर ‘हो’च येतं. ‘आज काय केलं होतंस?’ असं विचारा, म्हणजे काही केलंच नव्हतं हे लगेच कळतं.