१५एच (टॅक्स लागत नाही, कापू नका असं ज्येष्ठांनी बँकेला लिहून द्यायचा फॉर्म) देऊनही आईच्या एफडीवर टीडीएस (व्याजातून बँक आधीच कापते तो टॅक्स) कापला. परत मिळेल का, की एफडी माझ्याच नावावर करून घेऊ?

नावावर करून घेऊ नका. टीडीएसचं नंतर सांगते, आधी हे, कारण हाच सल्ला आमच्या घरात माझ्या मोठ्या भावाने दिला होता आणि त्यावरून आमचं जे वाजलं ते अजून पूर्ण मिटलेलं नाही.

माझे वडील एसटीच्या वर्कशॉपला होते. ते गेल्यावर पीएफ-ग्रॅच्युइटीचे पैसे आईने कराडला एका बँकेत एफडी करून ठेवले. तिची पेन्शन म्हणजे ईपीएसची, पीएफ खात्याकडून येते ती, ती किती असते हे ज्यांच्या घरी येते त्यांना माहितीये, त्यामुळे घर चालतं ते या व्याजावर. टॅक्स तिला शून्य. एप्रिलमध्ये तिने १५एच भरून दिला, काउंटरवरच्या माणसाने "ठेवा तिथे" म्हणून गठ्ठ्यात टाकायला लावला, पोच नाही काही नाही, सिस्टीमला एंट्री झालीच नाही आणि पासबुकात टीडीएसची ओळ आली. आई पासबुक ओळ न् ओळ वाचते. ती विचारायला गेली तर उत्तर काय, "आजी, फॉर्म दिला असता तर कापला नसता." सत्तरी ओलांडलेल्या बाईला रांगेतल्या सगळ्यांसमोर खोटं पाडलं. गेलेल्या पैशापेक्षा तिला ते लागलं.

दादाला फोन केला तर तो म्हणे एवढ्याशा पैशासाठी कशाला खेटे घालता, सगळ्या एफडी मोडा आणि माझ्या नावावर करा, मी बघतो. हेतू वाईट नव्हता, हे मी तेव्हाही म्हणाले. पण हिशोब बघा ना. दादा पगारदार, ३० टक्क्यांच्या स्लॅबमधला, म्हणजे ज्या व्याजावर आईला एक रुपया टॅक्स नाही त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा त्याने सरकारला भरायचा. ज्येष्ठांना साधारण अर्धा टक्का जादा मिळतो तो गेला, ज्येष्ठांना व्याजावर ८०टीटीबी कलमाखाली मिळणारी ५०,००० ची सूट गेली, मुदतीआधी मोडल्याचा दंड वेगळा. आणि हे सगळं सोडा, ते पैसे आईचे आहेत. स्वतःच्या गोळ्या-औषधांसाठी मुलापुढे हात पसरायची वेळ तिच्यावर का आणायची? कोणी म्हणेल मुलगा काय परका आहे का, नाहीच परका, पण आपल्या नावावर चार पैसे असलेली बाई घरात वेगळ्या आवाजात बोलते, हे मी माझ्या आईत रोज बघते. तुम्हाला मदतच करायची असेल तर दुसरं नाव तुमचं लावा, आयदर ऑर सर्व्हायव्हर करा (म्हणजे दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो व्यवहार करू शकतो), नॉमिनी नीट भरा. पहिलं नाव आईचंच.

आता टीडीएस. सरकारकडे जमा झाला की बँक तो परत देऊ शकत नाही, मॅनेजरशी भांडून उपयोग नाही. २६एएसमध्ये (आयकर पोर्टलवर मिळणारा, पॅनवर जमा झालेल्या टॅक्सचा तक्ता) आईच्या पॅनवर ती रक्कम दिसतेय का बघा आणि वर्ष संपलं की रिटर्न भरा, रिफंड येतो. बँक खातं पोर्टलवर प्री-व्हॅलिडेट केलेलं, म्हणजे आधीच पडताळून घेतलेलं असू द्या, नाहीतर रिफंड अडकतो. आईचा आला, पूर्ण आला.

पण माझा राग वेगळाच आहे. १ एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांची टीडीएसची मर्यादा ५०,००० वरून १ लाख झाली, चांगलंच झालं, पण त्यावर व्याज गेलं की दरवर्षी नव्याने फॉर्म द्या, प्रत्येक बँकेत वेगळा द्या. जन्मतारीख आणि पॅन बँकेकडे आधीपासूनच आहे, मग म्हाताऱ्या माणसाने दर एप्रिलला "मला टॅक्स लागत नाही हो" असं लिहून का द्यायचं? सवलत द्यायची तर आपणहून द्या ना.

पुढच्या वर्षी मी स्वतः आईबरोबर गेले, फॉर्मच्या दोन प्रती घेऊन. "पोच आम्ही देत नाही" म्हणाले. १५एच घेतानाच पोच द्या असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सांगितलंय, ते पत्रक प्रिंट काढून नेलं होतं, ते पुढे ठेवलं. शिक्का बसला, सही बसली. २०१७ च्या पत्रकात तर ७० वर्षांवरच्यांना घरपोच सेवा द्या असंही आहे. आईने ती पोच दादा दिवाळीला आला तेव्हा त्याच्या हातात दिली, बोलली काहीच नाही.

एक राहिलं, १५एच टॅक्स खरंच शून्य होणार असेल तरच द्यायचा. नव्या रेजीममध्ये, म्हणजे नव्या करपद्धतीत, २०२५-२६ ला १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेट, म्हणजे करमाफी आहे, पण शेअर-म्युच्युअल फंड विकून झालेल्या नफ्याला तो चालत नाही, तसं काही असेल तर सीएला विचारा. ८०टीटीबी फक्त जुन्या रेजीममध्ये. आणि एफडी दोन-तीन बँकांत वाटायची तर ती बँक बुडाली तर मिळणाऱ्या ५ लाखांच्या विम्यासाठी वाटा, व्याज धरून एका बँकेत एका माणसाला तेवढंच कव्हर आहे. टीडीएस चुकवायला वाटून काही होत नाही, टॅक्स लागत असेल तर तो तसाही भरावाच लागतो.